विजेचा रांजण

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यात अमडापूर हे गाव आहे. या भागात वळवाच्या वादळात वीज गेली, की पुष्कळ घरांतला पंखा क्षणभर अडखळतो आणि पुन्हा फिरू लागतो. कोपऱ्यातला इन्व्हर्टर आणि त्याच्या शेजारची जड, काळी बॅटरी कामाला लागलेली असते. शास्त्रीय भाषेत या बॅटरीला ‘संचायक’ म्हणतात. विद्यार्थिमित्रांनो, हा संचायक म्हणजे विजेने भरून ठेवलेला रांजणच, असे आपल्याला वाटते. पण रांजणात पाणी ओतले तर पाणीच साठते. संचायकात मात्र वीज साठत नाही. मग काय साठते?

शिसे, आम्ल आणि पाणी

१८५९ साली गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे एकमेकांना चिकटणार नाहीत अशा रीतीने गुंडाळले आणि सौम्य गंधकाम्लात बुडवले. त्यांतून वीज सोडल्यावर, पुढे त्याच पत्र्यांतून ती परत मिळवता आली. पुन्हा पुन्हा भरता येणारा तो पहिला घट. आपल्या घरातील बॅटरी त्याच घराण्यातली आहे.

भरलेल्या घटात एक पट्टी शिशाची असते, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची, आणि भोवती सौम्य गंधकाम्ल. आपण दिवा लावतो तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते. आम्ल खर्च होते आणि पाणी बनते. बॅटरी भरताना हीच क्रिया उलट चालते. म्हणजे साठते ती रासायनिक ऊर्जा. अशा एका घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट असतो. सहा घट ओळीने जोडले, की १२ व्होल्टची बॅटरी होते.

आता एक गंमत पाहा. बॅटरी रिकामी होते तसे आतले आम्ल पातळ होते, म्हणून त्याची घनता घटते. भरलेल्या बॅटरीतील द्रवाची सापेक्ष घनता १.२४ ते १.२८ च्या आसपास असते. रिकामी झाली की ती १.१५ च्याही खाली येते. बॅटरीवाला काचेच्या नळीत द्रव ओढून तरंगणारा काटा पाहतो, तो ही घनताच मोजतो. त्या नळीला हायड्रोमीटर म्हणतात.

विहिरीचे पाणी का चालत नाही?

भरताना थोड्या पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन वायू निघून जातात. विदर्भातल्या उन्हाळ्यात बाष्पीभवनही जोरात होते. आम्ल मात्र उडून जात नाही. म्हणून पातळी खाली गेली की फक्त पाणी घालायचे, आम्ल घालायचे नाही. आणि ते पाणी ऊर्ध्वपातितच हवे.

पुष्कळ जण विचारतात, ‘आमच्या विहिरीचे पाणी काचेसारखे स्वच्छ आहे, ते का नको?’ याचे उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. जिल्ह्याच्या उत्तरेला पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथले पाणी दिसायला नितळ, पण चवीला मचूळ असते. गोड्या विहिरीतही क्षार असतात, फक्त कमी. हे क्षार पाण्याबरोबर उडून जात नाहीत. दर वेळच्या पाण्याबरोबर ते संचायकात वाढतच जातात. क्लोराइड पट्ट्या कुरतडते, आणि लोहाच्या अंशामुळे बॅटरी न वापरताही आपोआप उतरत जाते.

करून पाहा: काचेच्या दोन स्वच्छ पट्ट्या घ्या. एकीवर विहिरीच्या पाण्याचे चार थेंब आणि दुसरीवर ऊर्ध्वपातित पाण्याचे चार थेंब ठेवून उन्हात वाळवा. पहिल्या पट्टीवर उरलेला पांढरा डाग म्हणजे बॅटरीत जाणारा कचरा.

निगा कशी राखावी?

बॅटरी रिकामी करून तशीच ठेवू नये. पट्ट्यांवरच्या सल्फेटचे स्फटिक मोठे व कठीण होतात, आणि मग ते सहजासहजी विरघळत नाहीत. घर महिनाभर बंद राहणार असेल, तर आधी बॅटरी पूर्ण भरावी.

बॅटरी उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. साधारणपणे तापमान १० अंशांनी वाढले, तर तिचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. जागा मात्र हवेशीर पाहिजे, कारण भरताना निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. म्हणून बॅटरीजवळ उदबत्ती, दिवा, विडी काही नको, आणि पाण्याची पातळी काडी ओढून तर कधीच पाहू नये.

पाणी घालणे व टोकांवरचा पांढरा-हिरवा थर पुसणे ही कामे मोठ्या माणसांनी इन्व्हर्टर बंद करून, हातमोजे व चष्मा घालून करावीत. तुम्ही शेजारी राहून पातळीची खूण आणि तारीख वहीत टिपा. आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडाले, तर निदान पंधरा मिनिटे भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे आणि दवाखान्यात जावे.

पूर्ण भरूनही दिवे थोड्याच वेळात मालवू लागले, एकाच घटाची घनता इतरांपेक्षा बरीच कमी दिसली किंवा पेटी फुगली, तर बॅटरी बदलण्याची वेळ आली असे समजावे. नीट निगा राखली तर ती साधारण तीन ते पाच वर्षे चालते.

जुनी बॅटरी कुठे जाते?

येथे खरा धोका सुरू होतो. घरगुती इन्व्हर्टरची मोठी बॅटरी पन्नास किलोंच्या आसपास भरते, आणि त्यात निम्म्याहून अधिक वजन शिशाचे व त्याच्या संयुगांचे असते. शिसे ३२७ अंशांना वितळते, म्हणजे साध्या भट्टीतही. त्यामुळे कुणी आम्ल नाल्यात ओततो, पेटी फोडतो आणि उघड्यावर शिसे वितळवतो. त्याची बारीक धूळ अंगणात, मातीत आणि कपड्यांवर बसते.

सेनेगल देशात डाकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर वस्तीत असेच घडले. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तेथे अठरा मुले दगावली. जुन्या बॅटऱ्यांचे शिसे मिसळलेली माती लोक घरी आणून चाळत होते. मुले मातीत खेळतात, हात तोंडात घालतात, आणि पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या चार-पाचपट भाग त्यांच्या अंगात शोषला जातो. शिशाने मेंदूची वाढ खुंटते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की सुरक्षित म्हणता येईल असे रक्तातले शिशाचे प्रमाण माहीत नाही. युनिसेफच्या २०२० सालच्या अहवालानुसार जगातील तीनपैकी सुमारे एका मुलाच्या रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसे आहे.

आणि तरीही शिसे टाकून देण्याची वस्तू नाही. योग्य कारखान्यात ते जवळजवळ पूर्ण परत मिळते आणि त्याचीच नवी बॅटरी होते. आपल्या देशात २००१ पासून शिशाच्या बॅटऱ्यांसाठी नियम होते. २०२२ च्या नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. म्हणून जुनी बॅटरी न फोडता, आम्ल न ओतता, उभीच ठेवून नवी घेताना दुकानदाराला द्यावी आणि पावती घ्यावी. भंगारात दोन पैसे जास्त मिळाले, तरी ते कुणाच्या अंगणातून येतात याचा विचार करावा.

धाकटी भावंडे

शेतात नेण्याच्या कितीतरी स्वस्त टॉर्चमध्येही ४ व्होल्टची शिशाचीच छोटी, बंद बॅटरी असते. ती उघडून पाणी घालू नये. मोबाइलमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते; ती १९९१ मध्ये बाजारात आली, आणि तिच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिला उष्णता सोसत नाही. ती फुगली तर दाबू नये, टोचू नये, भरायला लावू नये; आतल्या वायूमुळे आणि ज्वलनशील द्रवामुळे ती पेटू शकते. तिला इतर वस्तूंपासून दूर, कोरड्या वाळूत ठेवून दुरुस्तीच्या दुकानात किंवा संकलन केंद्रात द्यावी. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचे चित्र असते. त्याचा अर्थ, ‘मला घरच्या कचऱ्यात टाकू नका.’

या सुटीत आपल्या गल्लीतील दहा घरांचा तक्ता करा: बॅटरी कोणत्या प्रकारची, किती वर्षांची, पाणी कोणते घालतात, आधीची बॅटरी कुणाला दिली. शेवटच्या रकान्यातील उत्तरे शाळेत सरांना किंवा बाईंना दाखवा आणि वर्गात त्यांवर चर्चा करा.