कष्टकऱ्यांचा खांदा : दुखापत, उपचार आणि पूर्ववत हालचाल

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले त्यांचे खांदे ऊन पाण्याने शेकले जातात, त्यांना हळद आणि लोणी वा तूप चोळले जाते. ज्या शेतकऱ्याच्या हातून हे होते, त्याच्या स्वतःच्या खांद्याची विचारपूस मात्र सहसा कोणी करीत नाही. तो स्वतःही करीत नाही. रात्री कूस बदलताना कळ उठते, सदऱ्याच्या बाहीत हात जात नाही, घरच्या बाईला वेणी घालताना हात मागे नेववत नाही. तरीही ‘वात धरला’, ‘उसण भरली’ असे म्हणून तेल चोळले जाते आणि महिने लोटतात. यांपैकी पुष्कळशी दुखणी धीर धरल्यास खरोखरच बरी होतात. थोडी मात्र अशी असतात की, त्यांत वाया गेलेला प्रत्येक महिना हाताचे बळ कायमचे घेऊन जातो. या दोहोंतील फरक ओळखता येणे कठीण नाही. दुर्दैवाने व्यवहारात उलटाच प्रकार दिसतो. जेथे थांबावयास हवे तेथे घाई होते आणि जेथे घाई करावयास हवी तेथे माणूस थांबून राहतो.

खांद्याची रचना

शरीरातील सर्व सांध्यांत खांद्याचा सांधा सर्वांत अधिक फिरणारा आहे. कमरेखाली खुब्याचा सांधा पाहिला, तर मांडीच्या हाडाचा गोळा एका खोल वाटीत बसविलेला आढळतो. खांद्याला अशी वाटी नाही. दंडाच्या हाडाचा मोठा गोळा फऱ्याच्या हाडावरील एका लहान, उथळ बशीला नुसता टेकलेला असतो. बशीवर लिंबू ठेवावे तसा हा प्रकार होय. त्यामुळे हात वर, मागे, पाठीशी असा चहूकडे फिरतो. परंतु गोळा जागेवर ठेवण्याचे काम हाडांना जमत नाही. ते चार लहान स्नायूंनी पत्करलेले आहे.

हे चारही स्नायू फऱ्याच्या हाडापासून निघतात. हाडाला जोडताना त्यांच्या चिवट, पांढऱ्या दोऱ्या होतात. त्यांना कंडरा म्हणतात. या चार कंडरा एकमेकींत मिसळून दंडाच्या गोळ्याला पुढून, वरून आणि मागून वेढतात. सदऱ्याच्या बाहीचा कफ मनगटाला वेढतो तशी ही रचना दिसते, म्हणून वैद्यकात तिला ‘रोटेटर कफ’ असे नाव पडले. वात, पित्त, कफ यांतील कफाशी या शब्दाचा काही संबंध नाही. हे मुद्दाम सांगावयाचे कारण असे की, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘कफ’ वाचून छातीचे औषध मागणारा रुग्ण अगदीच अशक्य कोटीतील नव्हे.

चारांपैकी वरून जाणाऱ्या कंडरेचे नशीब विशेष कठीण आहे. खांद्याच्या टोकावर बोटाने चाचपले असता जे हाड लागते, त्याच्या खालच्या अरुंद जागेतून तिला जावे लागते. हात वर उचलला की ती जागा आणखी आवळते. वाढत्या वयाबरोबर या कंडरेचे तंतू झिजत जातात आणि झीज भरून काढण्याची तिची शक्तीही मंदावते. दुखापतींतील बहुसंख्य दुखापती या एकाच कंडरेच्या असतात.

झिजणे आणि तुटणे

कंडरेला इजा दोन वाटांनी पोहोचते. पहिली वाट झिजेची. भिंतीला गिलावा करणारा गवंडी, छताला रंग देणारा रंगारी, पोती उचलणारा हमाल, भाताच्या पेंढ्या डोक्यावरून आपटून झोडणारी माणसे, फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत वर्षानुवर्षे लिहिणारे शिक्षक, या सर्वांचा हात दिवसातून असंख्य वेळा खांद्याच्या पातळीच्या वर जातो. चाळिशीनंतर तंतूंची लवचिकता घटते. धूम्रपानाने त्यात भर पडते आणि मधुमेह असल्यास भरून येणे लांबते. पहिल्या दिवशी काही घडलेले नसते. रुग्णाला तारीख सांगता येत नाही.

दुसरी वाट अपघाताची. पावसाळ्यात बांधावरून पाय घसरून माणूस हातावर पडतो, दुचाकीवरून खांद्यावर आपटतो, किंवा सुटू पाहणारे ओझे सावरताना हाताला एकाएकी झटका बसतो. येथे तारीखच काय, वेळही सांगता येते. आधीच झिजलेली कंडरा अशा झटक्याने पुरती तुटू शकते. चाळिशी उलटलेल्या माणसाचा खांदा निखळला, तर तो बसविल्यावरही कंडरा शाबूत आहे काय हे पाहणे अगत्याचे असते.

झिजेच्या दुखण्यात हात बाजूने वर नेताना आरंभी त्रास नसतो, खांद्याच्या पातळीच्या आसपास कळ येते आणि त्याहून वर गेल्यावर ती बहुधा ओसरते. त्या कुशीवर निजता येत नाही. पुरत्या तुटीत वेदनेपेक्षा दुबळेपणा ठळक असतो. आपल्या बळाने हात उचलत नाही, पण दुसऱ्या हाताने आधार देऊन नेल्यास तो वर जातो. ही खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण ‘गोठलेला खांदा’ म्हणून जो वेगळा आजार आहे, त्यात सांध्याचे आवरणच आखडते आणि हात ना आपल्या बळाने फिरतो, ना दुसऱ्याच्या. तो मधुमेहींत अधिक आढळतो आणि त्याचा उपचारक्रमही निराळा आहे. कळ कोपराच्या खाली उतरून बोटांना मुंग्या येत असतील, तर मूळ मानेत शोधावे लागते. खांदा वा डावा हात दुखण्याबरोबर छातीत दाब, घाम आणि धाप असेल, तर मात्र खांद्याचा विचार बाजूला ठेवून हृदयविकाराच्या शंकेने रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

एक गैरसमज येथे दूर करावयास हवा. पडल्यानंतर एक्स-रे काढला जातो, हाड मोडलेले दिसत नाही आणि ‘काही झालेले नाही’ असे समजून मंडळी घरी परततात. एक्स-रेमध्ये हाड दिसते. कंडरा दिसत नाही. ती पाहण्यासाठी जाणकाराने केलेली सोनोग्राफी किंवा एमआरआय लागते. उलटपक्षी, एमआरआयच्या अहवालातील ‘फाटलेली कंडरा’ या शब्दांनी हबकून जाण्याचेही कारण नाही. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, खांद्याची काहीही तक्रार नसलेल्या ९६ व्यक्तींची एमआरआय तपासणी करण्यात आली होती. त्यांतील साठीच्या पुढील व्यक्तींपैकी ५४ टक्के व्यक्तींच्या कंडरांत अर्धवट वा पुरती चीर आढळली. केस पांढरे होतात तशा कंडराही विरतात. तेव्हा उपचार चित्रावर नव्हे, तर हाताला काय करता येते आणि काय येत नाही यावर ठरतो.

शंभर वर्षांचा अनुभव

या दुखापतीचे आधुनिक ज्ञान बरेचसे एका हट्टी माणसामुळे मिळाले. अमेरिकेतील बोस्टन येथील शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी तुटलेली कंडरा शस्त्रक्रियेने शिवल्याची माहिती १९११ साली प्रसिद्ध केली आणि १९३४ साली खांद्यावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाला निदान वर्षभराने पुन्हा तपासावे, गुण आला की नाही याची नोंद ठेवावी आणि ती उघडपणे मांडावी, असा त्यांचा आग्रह होता. सहकाऱ्यांना तो रुचला नाही. आज ही कल्पना साधी वाटते.

कॉडमन यांचा हा आग्रह पुढे किती योग्य ठरला, ते हाड तासण्याच्या शस्त्रक्रियेवरून दिसते. अमेरिकेतीलच डॉ. चार्ल्स नीर यांनी १९७२ साली असे मांडले की, खांद्याच्या टोकाचे हाड खालच्या कंडरेला घासते. तेव्हा ते थोडे तासून जागा मोकळी करावी. उपपत्ती पटण्याजोगी होती आणि ही शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली. पुढे ब्रिटनमध्ये आणि फिनलंडमध्ये तिची कसोटी घेण्यात आली. काही रुग्णांचे हाड तासले, तर काहींच्या सांध्यात केवळ दुर्बीण घालून पाहिले व हाडाला हात लावला नाही. २०१८ साली दोन्ही निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केवळ दुर्बिणीने पाहिलेल्या रुग्णांच्या तुलनेत हाड तासलेल्यांना ध्यानात यावा असा अधिक लाभ झालेला नव्हता. झिजेच्या साध्या दुखण्यासाठी कोणी ही शस्त्रक्रिया सुचविली, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे.

झिजेवर उपाय : व्यायाम आणि कालावधी

मग झिजेच्या दुखण्यावर उपाय कोणता? उत्तर निरुत्साही वाटेल इतके साधे आहे : बेताचे काम, नियमित व्यायाम आणि तीन महिन्यांचा धीर. हात झोळीत बांधून ठेवणे हा उपाय नव्हे. त्याने सांधा आखडतो. ज्या हालचालीने कळ येते ती काही आठवडे टाळावी, बाकीचा हात वापरीत राहावा. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणि थोडे दिवस घ्याव्यात, कारण पोट आणि मूत्रपिंड यांना त्या बाधू शकतात.

व्यायामाला यंत्रे लागत नाहीत. कमरेत वाकून, चांगला हात टेबलावर टेकून, दुखरा हात घड्याळाच्या लोलकाप्रमाणे सैल झुलविणे हा पहिला. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढत जाणे हा दुसरा. रोज कोठवर बोटे पोहोचली याची खडूने खूण केली, तर प्रगती डोळ्यांना दिसते. दोन्ही हातांत काठी धरून चांगल्या हाताच्या मदतीने दुखरा हात वर व बाजूला नेणे हा तिसरा. कळ उतरू लागली की रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून, कोपर बरगडीशी ठेवून तो आत व बाहेर ओढावयाचा. या शेवटच्या व्यायामाने चारही स्नायू बळकट होतात आणि नेमका तोच लोक सोडून देतात, कारण तोवर दुखणे थांबलेले असते. व्यायाम करताना थोडे दुखणे चालते. ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाढलेलेच राहिले, तर मात्रा कमी करावी.

भौतिकोपचार केंद्र तालुक्याच्या गावी, एसटीचे भाडे आणि बुडणारी मजुरी, यामुळे अनेकांना नित्य जाणे परवडत नाही. त्यांच्यासाठी ब्रिटनमधील एक अभ्यास महत्त्वाचा आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ७०८ रुग्ण होते. काहींना भौतिकोपचार तज्ज्ञाने सहा भेटींपर्यंत व्यायाम शिकविले, तर काहींना एकाच भेटीत नीट समजावून घरी करावयास सांगितले. वर्षभराच्या काळात दोन्ही गटांच्या प्रकृतीत विशेष अंतर आढळले नाही. एकदाच जाणे, परंतु नीट शिकून येणे आणि घरी न चुकता करणे, एवढे केले तरी पुष्कळ साधते.

त्याच अभ्यासात खांद्यातील स्टेरॉइडच्या इंजेक्शनाचीही परीक्षा झाली. लाभ थोडा आणि पहिल्या काही आठवड्यांपुरताच होता. रात्रीची झोप उडालेल्या रुग्णाला व्यायाम सुरू करता यावा म्हणून एखादे इंजेक्शन देणे समर्थनीय ठरते. पुनःपुन्हा घेण्याने कंडरा दुबळी होण्याचा धोका असतो आणि मधुमेहींची साखर काही दिवस चढते. हलक्या हाताने तेल लावण्यास हरकत नाही. हाडवैद्याकडून हात झटक्याने ओढून घेणे मात्र धोक्याचे आहे. विरलेले कापड ओढून जुळत नाही.

घाई कोठे करावी

पडल्यानंतर किंवा झटका बसल्यानंतर हात एकाएकी उचलेनासा झाला, तर वर सांगितलेला तीन महिन्यांचा धीर लागू नाही. अशा रुग्णाने एक-दोन आठवड्यांच्या आत अस्थिरोग तज्ज्ञाला दाखवावे. कंडरा पुरती तुटली की स्नायू तिला आत ओढून घेतो, वापराअभावी सुकत जातो आणि त्याच्या मांसात चरबी भरू लागते. हा बदल पुढे शिवण घालूनही उलटत नाही. कष्टाचे काम करणाऱ्या, तोवर धडधाकट असलेल्या माणसाची अशी तूट पहिल्या काही आठवड्यांत शिवली, तर निकाल चांगला लागण्याचा संभव अधिक असतो. वर्षाने आलेल्या रुग्णाला पुष्कळदा शिवण्याजोगे काही उरलेलेच नसते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत कंडरा लहान खिळ्यांच्या व दोऱ्यांच्या साहाय्याने हाडाला पुन्हा जोडली जाते. हे काम तासा-दोन तासांचे. हाडाशी कंडरा एकजीव होण्याचे काम मात्र शरीर आपल्या गतीने करते. साधारणपणे चार ते सहा आठवडे हात झोळीत, त्या काळात दुसऱ्याच्या आधाराने हालचाल; नंतर स्वतःच्या बळाने; बारा आठवड्यांच्या सुमारास ताकदीचे व्यायाम आणि ओझे उचलण्यास सहा महिने वा अधिक. दुखणे थांबले म्हणून दुसऱ्या महिन्यात पाण्याची कळशी उचलणारी गृहिणी आणि पोते उचलणारा हमाल शिवण उसवून घेतात. वयस्कांत आणि मोठ्या तुटीत शिवण न टिकण्याचे प्रमाण लक्षणीय आहे, हेही रुग्णाला आधीच सांगितलेले बरे. सचिन तेंडुलकर यांच्या खांद्यावर मार्च २००६ मध्ये लंडन येथे शस्त्रक्रिया झाली. ते आंतरराष्ट्रीय सामन्यांत परतले सप्टेंबरमध्ये. उत्तम वैद्यकीय साहाय्य दिमतीला असूनही इतका काळ लागला.

रोजंदारीवरील माणसाला हे सहा महिने कोण देणार, हा खरा प्रश्न आहे. हमालांच्या श्रमाला संरक्षण देणारा माथाडी कायदा महाराष्ट्राने १९६९ साली केला, परंतु शेतमजूर आणि सुटे बांधकाम कामगार यांचा हात थांबला की चूल थांबते. येथे ग्रामपंचायत सदस्य आणि मुख्याध्यापक यांना काही करता येण्याजोगे आहे. कामावर झालेल्या दुखापतीची नोंद त्याच दिवशी व्हावी, कारण पुढे तारीख सिद्ध करता येत नाही. रुग्णाला जिल्हा रुग्णालयात पाठविताना ‘पडला, तेव्हापासून हात उचलत नाही’ हे वाक्य चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे. ‘खांदेदुखी’ एवढ्याच शब्दाने तो रांगेत मागे राहतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयांत आरोग्यमित्र नेमलेले असतात. संबंधित शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत आहे काय आणि कोणत्या रुग्णालयात होते, याची चौकशी त्यांच्याकडे रुग्णाला नेण्यापूर्वीच करावी. शाळेतील तांदळाची पोती डोक्याच्या उंचीच्या फळीऐवजी कमरेच्या उंचीच्या मांडणीवर ठेवणे, विहिरीवर रहाट बसविणे आणि बरा होत असलेल्या मजुराला काही महिने खांद्याच्या पातळीखालचे काम देणे, ही कामे मासिक सभेत ठरण्याजोगी आहेत.