आधी धूर, मग दंतकथा

प्राण्याच्या आकाराच्या जुन्या चिनी कांस्य धुपाटण्यांविषयी लिहिणारे बहुतेक लोक सुरुवात प्राण्यापासून करतात. सिंहासारखा दिसतो तो स्वान-नी, ड्रॅगनच्या नऊ मुलांपैकी एक; त्याला धुराची आवड, म्हणून तो धुपाटण्यावर बसला. एकशिंगी तो लूद्वान. तो न्यायी राजाजवळच राहतो, म्हणून सिंहासनाशेजारी उभा. लिलावाच्या याद्यांत अशा ओळखी ठरलेल्याच असतात. पण या वस्तूंचा दोन हजार वर्षांचा क्रम लावून पाहिला तर ही मांडणी उलटी वाटते. तोंडातून धूर सोडणारे पोकळ जनावर आधी घडले, आणि ते तिथे का आहे याची कथा बरीच नंतर त्याला चिकटली.

सुरुवातीच्या हान काळातल्या प्रसिद्ध धुपाटण्यांत जनावर हे स्वतः धुपाटणे नव्हते. हबै प्रांतातल्या मानछंग इथे 1968 साली राजपुत्र ल्यू शंग आणि त्याची पत्नी दोउ वान यांच्या कबरी उघडल्या गेल्या. ल्यू शंग इसवी सनपूर्व 113 मध्ये वारला. त्याच्या कबरीतले सोन्याच्या नक्षीचे धुपाटणे म्हणजे एक छोटा डोंगर आहे. सुळक्यांच्या आड ठेवलेल्या भोकांतून धूर निघाला की डोंगरावर ढग उतरल्याचा भास व्हावा, अशी त्याची रचना. खाली बैठकीत ड्रॅगन आहेत. दोउ वानच्या धुपाटण्यात एका श्वापदावर बसलेल्या माणसाने असाच डोंगर हातावर तोलला आहे. म्हणजे श्वापद आहे, पण भारवाहक म्हणून. इथे कोणी म्हणेल की अमर सिद्धांच्या पर्वताची कल्पना हीच तर दंतकथा, मग कथा आधी नव्हती कशी? होती, पण ती डोंगराची होती. पुढे डोंगराची चलती ओसरली. आकाराच्या आतून धूर खेळवण्याची युक्ती मात्र टिकली. भांड्याची रचनाही जाळायच्या पदार्थामुळे बदलत होती. सुके सुगंधी गवत थेट जाळायचे तर खालून भरपूर वारा लागतो. राळ किंवा सुगंधी लाकूड निखाऱ्यावर तापवायचे तर खोल, झाकणाचे पोट लागते. असे पोट एकदा हाताशी आले की त्याला कुठल्याही जनावराचे रूप देता येते.

सोंग काळात नेमके हेच झालेले दिसते, आणि माझ्या मते या विषयातला सर्वात बोलका पुरावा इथेच आहे. होंग छू याच्या सुगंधावरच्या ग्रंथात धुपाच्या जनावरांची छोटी नोंद आहे. सोन्याचा मुलामा दिलेली ही भांडी सिंह, छीलिन हा पौराणिक प्राणी आणि बदक यांच्या आकाराची, आतून पोकळ, धूर तोंडातून निघावा अशी असतात; आणि ती कशासाठी, तर हौसेसाठी. ड्रॅगनच्या मुलांचा तिथे उल्लेख नाही. बदक छीलिनच्या शेजारी बसले आहे, याकडे तर मुद्दाम पाहायला हवे. पौराणिक महती हाच निकष असता तर तळ्यातल्या साध्या पाखराला त्या पंगतीत जागा मिळाली नसती. सोंग दूतमंडळातला शू जिंग 1123 साली कोरियातल्या गोर्यो दरबारी गेला तेव्हा त्यानेही सिंहाच्या झाकणाचे हिरवट चिनी मातीचे धुपाटणे टिपून ठेवले. म्हणजे हौस धातूपुरती नव्हती आणि चीनपुरतीही नव्हती. धुपाचा कच्चा माल समुद्रावरून येत होता. छ्वानचोउच्या खाडीत 1974 साली उकरून काढलेल्या सोंगकालीन जहाजात दोन टनांहून अधिक सुगंधी लाकूड सापडले, त्यात चंदन आणि अगरूही होते.

मग सिंहच इतका का रुळला? बुद्धाचे आसन सिंहाचे, आणि ते भारतातून बौद्ध धर्माबरोबर चीनमध्ये पोचलेले. मूर्तीसमोर धूप आणि मूर्तीखाली सिंह ही जोडी शतकानुशतके डोळ्यांच्या सवयीची झाली होती. ड्रॅगनच्या नऊ मुलांची यादी मात्र मिंग काळातली आहे, आणि तिच्यात एकवाक्यता नाही. 1516 साली वारलेल्या ली दोंगयांगच्या यादीत स्वान-नीला बसायला आवडते, म्हणून तो बुद्धासनाखाली. त्याच्यानंतरच्या यांग शनच्या यादीत सिंहरूपी मुलाला धूर आवडतो, म्हणून तो धुपाटण्यावर. कारण आधीच ठाऊक असते तर ते असे शोधत बसावे लागले नसते.

लूद्वानची बाजू अधिक बळकट आहे, हे मान्य करायला हवे. युआन राजवटीच्या इतिहासात 1224 सालची नोंद आहे: चंगीझखान ‘पूर्व भारता’पर्यंत आला असता एका एकशिंगी प्राण्याने मनुष्यवाणीने त्याला परत फिरायला सांगितले, आणि हा सर्व भाषा जाणणारा प्राणी म्हणजे संहार थांबवण्याची खूण, असा अर्थ खानाचा सल्लागार येल्यू छूत्साय याने लावला. खान तिथवर आला यावर आज फारसा कोणी विश्वास ठेवत नाही. पण बीजिंगच्या राजवाड्यात सिंहासनालगत लूद्वानची जोडी ठेवणाऱ्यांना असाच शुभसंकेत हवा होता, यात शंका नाही. तरीही ती जागा लूद्वानने निर्माण केली नाही. सोंग राजधानी काइफंगच्या जुन्या राजवाड्यात एका दरबारी दालनात सोनेरी स्वान-नीची जोडी होती आणि ती धूप जाळण्याचीच होती, असे सोंग कवी लू यू याने लिहून ठेवले आहे. म्हणजे 1127 साली काइफंग पडण्याआधीच जागा, जोडी आणि धूर ठरलेले होते. पुढे प्राणी बदलला आणि अर्थ भारदस्त झाला.

या सगळ्यात रसिक पंडितांचा कल निराळाच होता. त्यांना राखेत पुरलेल्या निखाऱ्यावर अभ्रकाची पातळ चकती ठेवून, धूर जवळजवळ न करता सुगंध हवा असे. त्यांच्या मेजावर प्राचीन यज्ञपात्रांच्या घाटाची लहान धुपाटणी शोभत. तोंडातून धूर सोडणारी जनावरे जास्त शोभत ती दरबारात आणि मेजवान्यांत. संग्राहकांच्या जगात त्यांची जी हेळसांड झाली, तिचे थोडे मूळ इथे असावे. पाश्चात्त्य संग्रहालयांनी तर प्राचीन शांग-चोउ काळातल्या कांस्यापुढे उत्तरकालीन कांस्याला बराच काळ दुय्यमच मानले.

आज या वस्तू पारखताना तळावरच्या ‘श्वानद’ शिक्क्यावर विसंबण्यात अर्थ नाही. मिंग सम्राट श्वानदच्या नावाचा हा शिक्का त्याच्यानंतर शतकानुशतके ठोकला जात होता. त्यापेक्षा मान बिजागरीवर उघडते का, पोटात निखारा आणि राख मावते का, आणि तिथून तोंडापर्यंत धुराला वाट आहे का, हे आधी पाहावे. ती वाट नसेल तर तो शोभेचा पुतळा, मग त्याच्या वंशावळीत ड्रॅगनची कितीही मुले असोत.