सर्व्हर बसला, तो नेहमी गर्दीमुळेच का?

परभणीकडच्या पोखर्णीसारख्या गावात सातबारा काढायला किंवा पीकविम्याचा अर्ज भरायला गेलेल्या शेतकऱ्याला 'सर्व्हर डाऊन' हे शब्द आता पाठ झाले आहेत. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 2018 पासून मिळतो, ई-पीक पाहणी 2021 पासून मोबाइलवर होते. शेतीचा जवळपास प्रत्येक कागद कुठल्या ना कुठल्या डेटाबेसमधून येतो. तो आला नाही, की सगळे गर्दीला बोल लावतात.

गर्दीने सर्व्हर बसतो, हे खरं. पण गर्दीचा भार गर्दीबरोबर उतरतो. रात्री कुणी नसतानाही मेमरी भरलेलीच आणि दुसऱ्या दिवशी आणखी वर, असं दिसलं तर शंका प्रोग्रामवर घ्यावी. डेटाबेसशी बोलणारा भाग बरेचदा घेतलेली मेमरी सोडतच नाही. हेच मेमरी लीक. परभणीकडची कितीतरी मुलं आज पुण्यात असेच प्रोग्राम सांभाळतात, म्हणून त्यांच्यातले काही समज तपासायला हवेत.

'जावात लीक होत नाही, गार्बेज कलेक्टर आहे ना!' कलेक्टर म्हणजे जावाचा सफाईवाला, न लागणारी मेमरी मोकळी करणारा. पण तो फक्त तेवढ्याच वस्तू उचलतो, ज्यांच्याकडे प्रोग्राममधून जाणारी एकही वाट उरलेली नाही. मर्यादा न घातलेल्या कॅशेत प्रत्येक क्वेरीचं उत्तर साठवत गेलात, तर त्याच्या लेखी ते सगळं वापरातलंच असतं.

'कनेक्शन पूल आहे, मग क्लोज कशाला करायचं?' सर्वात महाग पडणारा समज हाच. पूल म्हणजे डेटाबेसशी जोडलेल्या तयार कनेक्शनांचा साठा, जणू गावात लग्नकार्याला दिली जाणारी सामाईक भांडी. क्लोज म्हणजे भांडं फोडणं नव्हे, ते जागेवर आणून ठेवणं. हिकारीसीपी या प्रचलित पूलमध्ये मुळात 10 कनेक्शनं असतात. दहाही परत आली नाहीत, तर अकरावी विनंती 30 सेकंद ताटकळते आणि एररवर संपते. मेमरी भरण्याच्या कितीतरी आधी सेवा ठप्प होते. बहुतेकदा क्लोजची ओळ लिहिलेली असते, पण मध्येच एक्सेप्शन येतं आणि ती ओळ चालतच नाही. जावा 7 पासून, म्हणजे 2011 पासून, 'ट्राय-विथ-रिसोर्सेस'ने क्लोजचं काम आपोआप होतं. तरी जुन्या कोडमध्ये ही चूक हमखास सापडते. हिकारीत 'लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड' नावाची सेटिंग आहे. ती मुळात बंद असते. चालू केली, की ठरावीक वेळेत न परतलेलं कनेक्शन कोडच्या कुठल्या ओळीने घेतलं ते लॉगमध्ये उमटतं. पूलचा आकार वाढवून मात्र दोष जात नाही, फक्त लांबतो. वर डेटाबेसचीही मर्यादा असतेच: पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये मुळात 100 कनेक्शनं, मायएसक्यूएलमध्ये 151.

'मेमरीचा आलेख वर गेला, म्हणजे लीकच.' तसं नाही. मायएसक्यूएलचा जावा ड्रायव्हर मुळात सगळं उत्तर एकदम मेमरीत ओढतो. दहा लाख ओळींच्या अहवालाला आलेख उसळेल, पण काम संपल्यावर खाली येईल. तिथे उपाय वेगळा: ओळी टप्प्याटप्प्याने आणा. लीक ओळखायचं तर शिखरांपेक्षा तळ पाहावा. कलेक्टरच्या प्रत्येक मोठ्या सफाईनंतरचा तळ चढत राहिला, तर काही वेळाच्या अंतराने दोन हीप डम्प, म्हणजे मेमरीची त्या क्षणाची छायाचित्रं, घ्या आणि कुठल्या क्लासच्या वस्तू वाढल्या ते एक्लिप्स मॅट या साधनात ताडून पाहा.

'रोज रात्री रीस्टार्ट करतो, चालतंय.' पण छोटी लीकही किती महाग पडते ते पाहा. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेची संगणकप्रणाली 4 नोव्हेंबर 1992 रोजी बंद पडली. त्याच्या सुमारे तीन आठवडे आधी काम करताना कोडचा एक छोटा तुकडा चुकून तसाच राहिला होता. प्रत्येक गाडी रवाना करताना तो फाइल सर्व्हरची थोडी मेमरी घ्यायचा आणि परत द्यायचा नाही. मेमरी संपली तेव्हा राखीव व्यवस्थाही कामी आली नाही.

रीस्टार्टने दोष तसाच राहतो आणि मेमरीतला पुरावा मात्र पुसला जातो. म्हणून सेवा सांभाळणाऱ्यांनी आधी हीप डम्प घ्यावा, मगच रीस्टार्ट करावा.