डोक्याच्या जागी दिवा

सास्तीच्या उघड्या कोळसा खाणीला लागून असलेल्या एका कपाशीच्या शेतात मी उभी आहे. चंद्रपूर जिल्हा, राजुरा तालुका, नोव्हेंबरातली दुपार. बांधापलीकडे थोड्या अंतरावर जमीन एकदम संपते आणि खाली कापलेला उभा कडा दिसतो. सगळ्यात वर काळ्या कसदार मातीचा पट्टा, त्याखाली पिवळट मुरूम, मग तांबूस खडकाचे जाड थर आणि पार तळाशी उन्हात चमकणारा कोळसा. तळाला फिरणारे डंपर इथून बोटाएवढे वाटतात. तेच चढण चढून वर येतात तेव्हा त्यांची चाकं माणसाच्या डोक्याच्याही वर जातात. पलीकडे 'ओबी'चे डोंगर आहेत. कोळशावरची माती-दगड उपसून रचलेले हे ढिगारे एवढे जुने झालेत, की त्यांवर बाभळी वाढल्या आहेत.

एक फुटलेलं बोंड तोडून हातात घेते. आतला कापूस पांढराशुभ्र आहे, पण उघड्या बाजूला राखाडी थर बसलाय. फुंकर मारली तरी जात नाही. धूळ पार तंतूंमध्ये शिरली आहे. चिमटीत दाबलं तर बोटांवर काळा ठसा उमटतो.

चित्रकार प्रभाकर पाचपुते या सास्तीचे. जन्म 1986. त्यांच्या घरातल्या तीन पिढ्या कोळसा खाणींत राबल्या. खैरागढला आणि मग बडोद्याला ते शिल्पकला शिकले, आणि पुढे हातात घेतली ती कोळशाची कांडी. चित्रकाराचा कोळसा लाकूड जाळून केलेला असतो, खाणीतला नव्हे. पण बोटांना तो तसाच माखतो. 2012 साली मुंबईच्या क्लार्क हाऊसमध्ये त्यांचं 'कॅनरी इन अ कोलमाइन' हे प्रदर्शन झालं. त्यानंतर साओ पाउलो, इस्तंबूल आणि 2022 मध्ये व्हेनिस इथली बिएनाले, म्हणजे द्वैवार्षिक कलाप्रदर्शनं. भिंतभर पसरलेली त्यांची कितीतरी चित्रं थेट भिंतीवरच काढलेली असतात. प्रदर्शन उठलं की त्यांवर रंगाचा हात फिरतो आणि चित्र जातं. इथे या कड्याशी उभं राहिल्यावर मला ते फार खरं वाटतं. जिथे शेतंच्या शेतं उपसली जातात, तिथून आलेल्या माणसाने आपलं चित्र जपून ठेवण्याचा हट्ट का धरावा?

शेताचे मालक बांधावर उकिडवे बसलेत. बल्लारपूरच्या बाजूच्या एका भूमिगत खाणीत लोडर होते; आता निवृत्त. मी मोबाइलवर पाचपुत्यांची चित्रं काढून त्यांच्यापुढे धरते. एका आकृतीला धड आहे, हात-पाय आहेत, पण डोक्याच्या जागी खाणकामगाराचा दिवा. कलेवर लिहिणारे याला अतिवास्तव म्हणतात. काका स्क्रीन उन्हापासून आडोशाला धरून बराच वेळ बघतात.

"बरोबर काढलं हाये," ते म्हणतात. "खाली उतरलं का तोंड नाई दिसत जी कोणाचं. नुसता दिवाच येऊन राहिला असा दिसते. मंग चालीवरून ओळखाचं, हा अमका, हा तमका."

आणि ते उठून दाखवायलाच लागतात. लॅम्प रूममध्ये बिल्ला द्यायचा, दिवा घ्यायचा, त्याची बॅटरी कमरेच्या पट्ट्याला अडकवायची. वजनाने एक बाजू खाली ओढली जायची. मग बेलचा, म्हणजे कोळसा भरायचं फावडं, मारायचा, टब भरायचा. मोकळ्या हातांनी ते बेलचा मारून दाखवतात, तेव्हा उजवा खांदा आपोआप खाली जातो आणि मान पुढे येते. ते थांबतात, सरळ होतात. खांदा मात्र तसाच खाली राहतो. पाचपुत्यांच्या चित्रांत माणसाच्या अंगातून अवजारं फुटतात, जनावरांना यंत्रांचे अवयव येतात. मला ती कल्पनेची भरारी वाटत नाही. कामाने शरीराला जे वळण दिलं, ते त्यांनी बघून ठेवलं आहे.

भोंगा वाजतो. खालचे डंपर एका बाजूला सरकतात, रस्त्यावर लाल झेंडी घेतलेला माणूस दुचाक्या अडवतो. "आता उडवतेत," काका म्हणतात. आवाजाआधी तळपायांना धक्का कळतो, मग दणका, आणि कड्यामागून पिवळसर लोट वर येऊन सावकाश आमच्याकडे सरकतो. काका धोतराच्या सोग्याने तोंड झाकतात. कपाशीला झाकायला काही नसतं.

धूळ बसल्यावर ते पुढचं चित्र मागतात. मी वेल्समधल्या प्रदर्शनाची छायाचित्रं काढते. कार्डिफच्या 'आर्टेस मुंडी' या कला-पुरस्काराच्या प्रदर्शनासाठी पाचपुत्यांनी चित्रांसोबत कापडी फलक केले. वेल्सच्या आणि आपल्याकडच्या खाणकामगारांच्या लढ्यांतल्या खुणा त्यांनी तिथे शेजारी आणल्या. 2021 साली तो पुरस्कार अंतिम यादीतल्या सहाही कलावंतांना मिळून दिला गेला, त्यात ते एक.

"तिकडंबी कोळसा हाये?"

"होता. दक्षिण वेल्समधली शेवटची मोठी भूमिगत खाण 2008 साली बंद झाली. टॉवर कोलियरी. त्याआधी सरकारने ती बंद केली होती, तेव्हा कामगारांनीच नुकसानभरपाईच्या पैशांतून विकत घेतली आणि 1995 पासून स्वतः चालवली."

"कामगारांनी? इकत?" काका मोबाइल माझ्या हातातून घेतात, दोन बोटांनी तो फलक मोठा करतात. "मंग बेलचा कोण मारे, अन् सायब कोण होता?"

"काम करणारेच मालक होते. प्रत्येकाने आठ हजार पौंड घातले होते."

"त्याचे आपले किती होतेत?" ते विचारतात, आणि मी हिशेब करायला लागते.