चिमणी पाडली, विमान आले. ते रद्द झाले तर?

5 डिसेंबर 2025 या एका दिवसात इंडिगोची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम 1 नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले होते. आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर गेली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. तारीख आधीपासून ठाऊक असूनही कंपनीची तयारी अपुरी पडली.

सरकार मात्र झपाट्याने हलले. दुसऱ्याच दिवशी तिकिटांवर कमाल मर्यादा आली: 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, 1,500 किलोमीटरपुढे 18,000. परताव्याला 7 डिसेंबरच्या रात्री आठची मुदत दिली, रेल्वेने जादा डबे जोडले, जानेवारीत 22 कोटी 20 लाखांचा दंड झाला. हे सगळे योग्यच. पण त्याच कंपनीला विश्रांतीच्या नियमांतून तात्पुरती सूटही मिळाली, ती मला पटत नाही. वैमानिकाच्या झोपेत काटछाट करून वेळापत्रक सावरणे म्हणजे प्रवाशांच्या जिवाशी खेळणे.

सोलापूरची कहाणी वेगळी. इथे विमानसेवा एका दिवसात कोलमडली नाही, वर्षानुवर्षे बंदच राहिली. 2017 मध्ये 'उडान' या प्रादेशिक विमानसेवा योजनेच्या पहिल्याच यादीत सोलापूरचे नाव होते. आड आली होटगी रस्त्यावरच्या विमानतळाजवळची, सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची सुमारे 90 मीटर उंचीची चिमणी. एकीकडे विमानसेवेसाठी आंदोलन करणारे शहरवासी, दुसरीकडे आपला ऊस कुठे घालायचा या चिंतेने रस्त्यावर उतरलेले सभासद शेतकरी. दोघांचेही म्हणणे खरे होते. अखेर 15 जून 2023 रोजी कडक पोलीस बंदोबस्तात ती चिमणी जमीनदोस्त झाली. पण विमान लगेच आले का? गोव्याचे पहिले विमान उडाले 9 जून 2025 रोजी, मुंबईचे 15 ऑक्टोबरला. मुंबईचे तर राज्य सरकारने तोटा भरून देण्याची हमी घेतल्यावरच. ज्या घाईने चिमणी पाडली, ती घाई नंतरची दोन वर्षे कुठेच दिसली नाही.

विमान रद्द झाल्यास पर्यायी विमान किंवा परतावा द्यावा, वेळेत कळवले नसेल तर 10,000 रुपयांपर्यंत भरपाई द्यावी, असा नियम आहे. मुंबई-दिल्लीला तो पुरतो. तिथे पुढचे विमान तासाभरात असते. सोलापुरात मोजकीच उड्डाणे. मुंबईत शस्त्रक्रियेची तारीख मिळालेल्या रुग्णाने परताव्याचे पैसे घेऊन करायचे काय? पुण्याचा विमानतळ अडीचशे किलोमीटरवर.

म्हणून मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या मार्गांच्या करारातच अट घाला: विमान रद्द झाले, तर त्याच दिवशी कंपनीने स्वखर्चाने प्रवाशाला पुण्याला किंवा हैदराबादला पोहोचवावे, अथवा रेल्वेत जागा मिळवून द्यावी. सोलापूरच्या खासदार-आमदारांनी ही अट पुढच्या कराराआधी लिहून घ्यावी.