आनीची गुंडाळी व मुलांचें शिक्षण

प्राचीन मिसर देशांतील दफनविधि मुलांस शिकवितांना बहुधा ममीपासून आरंभ करितात. त्यानें भय व कुतूहल उत्पन्न होतें. परंतु त्या लोकांची परलोकाविषयींची कल्पना कळत नाहीं. आमच्या मतें आरंभ हस्तलिखितापासून करावा, आणि त्यास आनीची गुंडाळी सर्वथैव योग्य आहे.

आनी हा राजलेखक. इ. स. पू. १२५० च्या सुमारास त्याच्याकरितां ही सुमारें ७८ फूट लांबीची सचित्र पपायरसची गुंडाळी सिद्ध झाली. अशा मंत्रसंग्रहांस 'मृतांचा ग्रंथ' हें नांव जर्मन पंडित लेप्सिउस यांनीं १८४२ मध्यें रूढ केलें. मूळ मिसरी नांवाचा अर्थ मात्र 'दिवसा बाहेर येणें' असा आहे. ग्रंथाचा रोख मरणावर नसून मरणोत्तर जीवनावर आहे, हें यावरून मुलांस सहज पटेल.

नंतर न्यायाचें चित्र दाखवावें. तराजूच्या एका पारड्यांत मृताचें हृदय व दुसऱ्यांत सत्यदेवता मात हिचें पीस. कोल्हेमुखी अनुबिस कांटा पाहतो, थोथ निकाल लिहितो, आणि मगरीच्या तोंडाची अम्मित हृदय गिळण्यास टपलेली असते. ममी करितांना मेंदू काढून टाकीत, पण हृदय शरीरांतच ठेवीत, याचें कारण येथें उलगडतें. आपल्या मुलांस चित्रगुप्ताची आठवण होईल. तथापि येथें कर्मानुसार पुनर्जन्म नाहीं, हा भेद स्पष्ट करावा.

आतां एक अवघड गोष्ट. गुंडाळींतील कांहीं भाग आधींच लिहून ठेविले होते व आनीचें नांव रिकाम्या जागीं मागाहून भरलें. शिवाय हृदयानें आपल्याविरुद्ध साक्ष देऊं नये, असाही एक मंत्र तींत आहे. मग न्याय खरा कीं विकत घेतलेला मंत्र खरा? मुलें हें विचारतीलच. त्यांस सांगावें कीं, मिसरी मनांत नीति व मंत्रबळ हीं दोन्हीं शेजारीं नांदत होतीं. एक झांकून दुसरें दाखविणें हा इतिहास नव्हे.

१८८८ मध्यें बज यांनीं ही गुंडाळी ब्रिटिश म्युझियमकरितां मिळविली व तिचे ३७ तुकडे केले. त्यामुळें अखंड पटाचा सांधा कायमचा तुटला. पोथ्या बाळगणाऱ्या आम्हां सर्वांस हा धडा मुलांइतकाच आवश्यक आहे.