१८१ विजय, एक पराभव आणि पुढची एकवीस वर्षं

शाळेत ६४ कुस्त्या, ६४ विजय. कॉलेजात ११७ विजय आणि एक पराभव. डॅन गेबल हे नाव निघालं की अमेरिकेतले कुस्तीवेडे हा हिशेब पाढ्यासारखा म्हणून दाखवतात. आणि गंमत बघा, १८१ विजय बाजूलाच राहतात, चर्चा होते ती त्या एकाची. आपल्याला मात्र त्याच्याही पुढे जायचंय. ती कुस्ती हरलेला पोरगा कोच झाल्यावर त्याने काय केलं, ते जास्त भारी आहे.

आधी तिकडच्या कॉलेज कुस्तीबद्दल थोडं. आपल्याकडे पैलवान घडतो तालमीत. कॉलेजचा संबंध बहुतेक वेळा आंतरविद्यापीठ स्पर्धेपुरता. (खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते आणि त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, ही गोष्ट कोल्हापुरात अजून सांगतात. पण असे प्राचार्य किती?) अमेरिकेत कॉलेज हीच तालीम. दहा वजनगट, प्रत्येकाचे गुण संघाच्या खात्यात, आणि शेवटी राष्ट्रीय विजेतेपद कॉलेजचं. प्रकारही ऑलिम्पिकपेक्षा वेगळा, त्याला 'फोकस्टाइल' म्हणतात. लढत सात मिनिटांची. पट काढून समोरच्याला खाली घेतलं म्हणजे काम झालं असं नाही. त्याला तिथेच दाबून ठेवायचं. खालच्याने सुटून उभं राहायचं. वर राहण्याच्या वेळेत एका मिनिटाची आघाडी मिळाली तर त्याचाही वेगळा गुण. थोडक्यात, ज्याचा दम टिकला त्याचा हा खेळ.

गेबलचा जन्म १९४८ चा, आयोवा राज्यातल्या वॉटर्लूचा. तो पंधरा वर्षांचा असताना, १९६४ मध्ये, त्याच्या मोठ्या बहिणीचा राहत्या घरात खून झाला. आईवडील आणि तो तेव्हा मासे पकडायला बाहेरगावी गेले होते. त्या घरात परत राहायचं कसं, या विचाराने आईवडील खचले. घर सोडायचं नाही असा हट्ट या पोराने धरला आणि तो बहिणीच्या खोलीत झोपायला लागला. त्याच्या पुढच्या वेडाचं मूळ अनेक जण इथे शोधतात. एवढ्या एका गोष्टीने माणूस उलगडतो असं मला वाटत नाही, पण ती वगळून त्याच्याबद्दल लिहिताही येत नाही.

मग आयोवा स्टेट युनिव्हर्सिटी, आणि १९७० ची ती राष्ट्रीय फायनल. समोर वॉशिंग्टनचा लॅरी ओविंग्ज. हा पठ्ठ्या खास गेबलशी भिडायचं म्हणून वजन उतरवून त्याच्या गटात आला होता. शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्याने गेबलला खाली घेतलं, पाठ मॅटकडे वळवली आणि १३-११ ने कुस्ती मारली. कॉलेजमधली गेबलची ती शेवटची कुस्ती. त्यानंतर १९७१ मध्ये तो जगज्जेता झाला. १९७२ च्या ऑलिम्पिक निवड चाचणीत त्याने ओविंग्जला हरवलं आणि म्युनिकमध्ये दुखऱ्या गुडघ्यानिशी सुवर्ण जिंकलं. अख्ख्या स्पर्धेत त्याच्याविरुद्ध एकही गुण कुणाला घेता आला नाही.

त्याच वर्षी तो सहायक कोच म्हणून रुजू झाला, आणि कुठे? तर युनिव्हर्सिटी ऑफ आयोवामध्ये, म्हणजे स्वतःच्या कॉलेजच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे. गंगावेशच्या पैलवानाने शाहूपुरीत वस्ताद म्हणून जावं, तसलाच प्रकार! १९७६-७७ च्या सीझनपासून तो मुख्य कोच झाला. तिथून २१ सीझन, १५ राष्ट्रीय विजेतेपदं. आयोवा ज्या 'बिग टेन' गटात खेळते, तिथलं विजेतेपद तर २१ पैकी २१ वेळा. कॉलेज विरुद्ध कॉलेज लढतींत ३५५ विजय, २१ पराभव, ५ बरोबरीत.

हे जमलं कसं? सोपं उत्तर म्हणजे मेहनत, पण मेहनत सगळेच करून घेतात. गेबलच्या पोरांची ओळख वेगळी होती. आघाडी मिळाल्यावर ती सांभाळत बसायची नाही, शेवटच्या मिनिटापर्यंत पुढेच जायचं. समोरच्याचे पाय जड झाले की खरी कुस्ती सुरू. त्यासाठी प्रॅक्टिस लढतीपेक्षा कठीण ठेवायची, आणि कोच स्वतः मॅटवर उतरून पोरांशी भिडायचा. एड आणि लू बॅनक हे जुळे भाऊ आणि रँडी लुईस, हे त्याचे तीन पठ्ठे १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकले. त्या संघाचा कोचही गेबलच. रशियनांनी तेव्हा बहिष्कार टाकला होता, हेही खरं.

१९७८ ते १९८६, सलग नऊ विजेतेपदं. १९८७ ला दहाव्यासाठी आयोवाची पोरं कपड्यांवर दहाचा रोमन आकडा लावून उतरली. आणि हरली. जिंकली कोण? आयोवा स्टेट, गेबलचंच जुनं कॉलेज! पुढची तीन वर्षंही कोरडी गेली. खरं सांगायचं तर मला या माणसाच्या करिअरमधला हाच भाग सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. नऊ वेळा जिंकलेल्या कोचला 'आता संपला' म्हणायला लोकांना वेळ लागत नाही. तो टिकून राहिला, नवी पोरं घडवली, आणि १९९१ पासून सात वर्षांत आणखी सहा विजेतेपदं आणली. त्या पोरांतला टॉम ब्रँड्स १९९६ ला अटलांटात ऑलिम्पिक विजेता झाला.

एक गोष्ट मात्र खटकते. घाम गाळून वजन तोडायचं, हे त्या काळी सगळीकडेच शौर्य समजलं जायचं. १९९७ च्या अखेरीस वेगवेगळ्या कॉलेजांतले तीन पैलवान वजन तोडताना मेले, तेव्हा कुठे नियम कडक झाले. मेहनतीच्या गोष्टी सांगताना हे गाळून चालणार नाही.

गेबलचा शेवटचा सीझन त्याआधी काही महिने संपला होता. खुब्याच्या ऑपरेशनमुळे तो कुबड्या घेऊन फिरत होता. फायनल सीडर फॉल्सला, वॉटर्लूच्या अगदी शेजारी. आयोवाचे पाच जण विजेते ठरले. त्यात जेसी व्हिटमर होता, वर्षानुवर्षं राखीव म्हणून बसलेला आणि शेवटच्या वर्षी संधी मिळालेला. संघाचे १७० गुण झाले, तोवरचा रेकॉर्ड.

आज आयोवाचा कोच तोच टॉम ब्रँड्स आहे. १७० चा रेकॉर्ड २०२४ मध्ये पेन स्टेटने १७२.५ गुण करून मोडला. त्यांचा कोच केल सँडरसन. तोही गेबलसारखा आयोवा स्टेटचाच, आणि कॉलेजमधला त्याचा हिशेब १५९ विजय, पराभव शून्य.